गोळी कोण सोडतो?



कापसावर बोंडअळी पडली की साहेब म्हणतात, वेळेवर फवारलं नाही. ज्वारी काळी पडली की म्हणतात, वेळेवर काढली नाही. आता गावोगाव धडधाकट माणसं लकवा होऊन अंथरुणाला खिळतात, तर म्हणतात शेतकरी अडाणी, बीपीची गोळी मध्येच सोडतो. खापर फोडायला आमचंच डोकं बरं सापडतं!

सरकारच्याच २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ वर्षांवरच्या दर शंभर पुरुषांत २४ आणि दर शंभर बायकांत २१ जणांना हा विकार निघाला. बीपी दुखत नाही, हीच त्याची गोम. न दुखणाऱ्या रोगासाठी ऐन वेचणीत रोज बुडवायचा, एसटीचं भाडं भरायचं, रांग धरायची आणि 'साठा संपला' ऐकून परत यायचं. ज्याला हिशेब कळतो तो किती दिवस जाईल?

वर सल्ला, मीठ कमी खा. सल्ला खरा आहे. दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा चमचाभर. पण भाकरीवर ठेचा नि लोणचंच ज्याला परवडतं, त्याने मीठ काढलं तर ताटात उरतं काय?

उपाय नाही असं मात्र नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये पाच राज्यांत भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. आपल्याकडे वर्धा, भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग हे जिल्हे घेतले. वर्धा तर कापसाचाच मुलूख. अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन अशा मोजक्या, जुन्या, स्वस्त गोळ्या ठरवल्या. एकीने दाब उतरला नाही तर पुढे काय द्यायचं, हे आम्ही फवारणीचं वेळापत्रक लिहून देतो तसं आधीच लिहून ठेवलं. रुग्ण मोजून साठा मागवायचा, गोळ्या एकदम महिन्याच्या द्यायच्या, दाब नर्सने मोजायचा, १४०/९० च्या खाली आला की नाही ते नोंदवायचं. यात कुठलं मोठं यंत्र आलं? २०२२ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. पुरस्कार दिल्लीला पोचला, गोळी आपल्या उपकेंद्राला पोचली का?

वसई-विरारच्या बैठकीत हा विषय काढायला कारण आहे. कोरडवाहू गावांतली पोरं नालासोपाऱ्याच्या चाळींत राहून पोट भरतात. पेरणी झाली की म्हातारा-म्हातारी चार महिने त्यांच्याकडे येतात आणि गावची गोळी गावातच राहते. त्या उपक्रमात रुग्णाच्या हाती कार्ड दिलं होतं. ते मोबाइलवर वाचलं की मागची सगळी मोजणी समोर. मग वर्ध्याचं कार्ड विरारला का चालू नये? माणूस पोटामागे फिरतो, औषधाने त्याच्यामागे फिरायला हवं.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. भीक नाही, हक्क आहे. पुढच्या ग्रामसभेत उपकेंद्राचं साठा-रजिस्टर मागा. बीपीच्या गोळ्या किती दिवस शून्यावर होत्या, ते तारखेनिशी उतरवून घ्या आणि तो कागद जिल्हा बैठकीला आणा.