जिवाणी कुठं सोडायची?



आमच्या वाचन मंडळानं या महिन्यात कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ वाचली. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली कादंबरी. धरणामुळं उठलेलं गाव, आणि मागं राहिलेली म्हैस आणायला निघालेला देवाप्पा. मतं नाना तऱ्हेची पडली. एकीला भाषा जड गेली, एकीला पुस्तक उदास वाटलं, दोघींना म्हशीपायी रडू आलं. आवड ज्याची त्याची. पण एका मतावर पुष्कळ माना डोलल्या, ते मला मुळीच मान्य नाही: “आपण कंदमुळं खात नाही, मुंगी मारत नाही. विस्थापितांचं सरकार बघेल. पर्यावरण आपल्याला कुणी शिकवायचं?”

पाणी गाळून प्यायचं, हे आपल्यात लहान मुलालाही ठाऊक असतं. पण गाळणं हा अर्धाच आचार. गाळण्यात राहिलेली जिवाणी ज्या विहिरीची, त्याच विहिरीत हलक्या हातानं परत सोडायची, हा उरलेला अर्धा. कारण एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात जगत नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाला त्याच्या घरी पोचवायला सांगणारा आपला धर्म. मग माणसं-जनावरांसकट अख्खं गाव उठवलं, तर ती फक्त सरकारची बाब कशी?

कोल्हापुरात काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइननं येतं. आपण नळाला गाळणं बांधतो आणि निश्चिंत होतो. त्या पाण्याखाली कुणाची शेतं, कुणाच्या चुली गेल्या, हे कितीजणींनी विचारलं? कॉमर्सच्या पहिल्या वर्षालाच शिकवतात, जमेची बाजू लिहिली की नावेचीही लिहावी लागते. आपण त्याग तेवढे जमेला मांडतो आणि नावेचं पान कोरं ठेवतो.

विनाकारण पाणी सांडणं हा अनर्थदंड आहे, हे आपण प्रवचनात ऐकतो. आणि मंगलकार्यात अर्ध्या प्यालेल्या बाटल्यांचा ढीग मागं ठेवून घरी येतो. कुणीतरी घरदार सोडलं तेव्हा ते पाणी अडलं, हे त्या वेळी मनात येत नाही. अहिंसा फक्त ताटापुरती ठेवली की असंच होणार.

धरणग्रस्तांच्या वसाहती आपल्याच जिल्ह्यात आहेत. पुढच्या बैठकीला तिथल्या एखाद्या आजींना मानानं बोलवू या. त्या बोलतील, आपण ऐकायचं. भाषा जड गेली असं तेव्हा मात्र कुणी म्हणू नये.