इंजिनाची हवा आणि घरचा हिशेब

गाडीला कोल्ड एअर इनटेक बसवावा का, इंजिनाचे ट्यूनिंग करावे का, असे आमचे विद्यार्थी विज्ञानाच्या तासाला विचारतात. प्रश्न चांगला आहे. हवा १० अंशांनी थंड झाली की सुमारे ३ टक्के दाट होते, तितकाच प्राणवायू वाढतो. पण बहुतेक नव्या गाड्या बाहेरचीच हवा घेतात. मग फायदा किती उरला? बॉनेटखाली उघडा फिल्टर लावला तर इंजिनाजवळची गरम हवा आत जाते. नळी खाली बंपराजवळ नेली तर पावसाळ्यात म्हापशाच्या रस्त्यावर साचलेले पाणी ओढले जाते. पाणी दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. आमच्या एका माजी विद्यार्थ्याची गाडी अशीच बंद पडली. कर्जाचे हप्ते मात्र चालू आहेत.

ट्यूनिंगमध्ये इंधनाचे प्रमाण व ठिणगीची वेळ बदलते. ते चुकले तर इंजिन ठोके देऊ लागते. शिवाय २०१९च्या कायदा-दुरुस्तीनुसार बेकायदा बदलाबद्दल मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

पालकांनो, मुलगा हट्ट धरील तेव्हा ओरडू नका. शेजारी बसवून हा हिशेब त्यालाच मांडू द्या. आधी साधा एअर फिल्टर, ब्रेक व टायर तपासावेत, बाकीचे मागाहून, असे आम्हांस वाटते.