प्रमाणपत्र पक्के, शिकणे कच्चे

मार्च महिना जवळ आला की बँकेच्या शाखेत संध्याकाळी एक परीक्षा चालते. ज्यांच्या घरात कोणी बँकेत आहे त्यांना ती माहीत असेल. शटर अर्धे खाली आलेले असते, कॅश जुळून तिजोरीत गेलेली असते, घरून दोन फोन येऊन गेलेले असतात. अशा वेळी वरून निरोप येतो की अमुक इतके ऑनलाइन अभ्यासक्रम महिनाअखेर पूर्ण झालेच पाहिजेत, नाहीतर शाखेचे नाव मागे पडलेल्यांच्या यादीत जाईल. मग प्रत्येकजण संगणक उघडतो आणि चित्रे भराभर पुढे सरकवतो. शेवटी दहा प्रश्न येतात. ज्याने ते काल सोडवले तो मोठ्याने उत्तरे सांगतो, पहिल्याचे ब, दुसऱ्याचे ड. पंधरा मिनिटांत सगळी शाखा पैकीच्या पैकी गुणांनी उत्तीर्ण! विषय काय होता म्हणाल, तर ग्राहकाची फसवणूक वेळीच कशी ओळखावी.

आम्हीही अशी उत्तरे सांगितली आहेत आणि ऐकून लिहिलीही आहेत. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचे बोलायला मोकळे.

मध्यंतरी आमच्या शाखेत एक आजी आल्या. आपल्याच समाजातल्या, मुलगा परदेशी, घरी एकट्या. हातात फोन, तो त्या खाली ठेवीनात. दोन्ही मुदत ठेवी मोडायच्या आणि पैसे एका खात्यावर ताबडतोब पाठवायचे, एवढेच म्हणत होत्या. काउंटरवरच्या नव्या मुलाने अर्ज घेतला, सही ताडून पाहिली, फॉर्म पूर्ण होता. नियमात कुठेच चूक नव्हती. शेजारच्या टेबलावर निवृत्तीला आलेल्या एक गुजराती सहकारी बसतात. त्यांनी नुसते मान वर करून पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘मासी, बेसो. पाणी पीओ.’’ पाणी पिता पिता बोलणे निघाले. आदल्या दिवसापासून पोलिसाच्या वेशातला कोणी माणूस आजींना व्हिडिओ फोनवर डांबून बसला होता, कोणाला सांगाल तर अटक होईल म्हणून. त्यांच्या आयुष्याची पुंजी त्या दिवशी वाचली.

त्या बेनना हे कोणत्या अभ्यासक्रमाने शिकवले? कोणत्याही नाही. या आजी कधी घाईत नसतात आणि ठेव मोडण्याआधी चार दिवस विचारायला येतात, हे त्यांना ठाऊक होते. नव्या मुलाकडे मात्र याच विषयाचे शंभर टक्क्यांचे प्रमाणपत्र होते. त्याला आम्ही दोष देत नाही. त्याला सहा महिने त्या बेनच्या शेजारी बसवले असते तर त्यानेही मान वर केली असती. आमचा दोष आहे तो त्याला तसे न बसवणाऱ्यांना.

आमचे म्हणणे साधे आहे. शिकणे आणि शिकवणे हेही काम आहे. ते कामाच्या वेळात, पगारी, जाणत्या माणसाच्या शेजारी बसून व्हायला हवे. ते घड्याळाबाहेर ढकलले की शिकण्याचा फक्त हिशेब उरतो.

ही वेळ का आली, हेही पाहू. २०००-०१ मध्ये स्वेच्छानिवृत्तीची लाट आली आणि सार्वजनिक बँकांतून सुमारे एक लाख माणसे बाहेर पडली. पाठोपाठ सगळ्या शाखा एकाच संगणक-जाळ्यात आल्या. मग विलीनीकरणे झाली, २०१७ मध्ये, २०१९ मध्ये आणि १ एप्रिल २०२० रोजी तर एकाच दिवशी दहा बँकांच्या चार झाल्या. प्रत्येक वेळी नवी प्रणाली, नवे फॉर्म, नव्या पायऱ्या. आम्ही लागलो तेव्हा शाखेत अकराजण होतो, आज सहा आहोत. अकरातला एक जण नव्या माणसाजवळ बसू शकत होता. सहांतला कसा बसणार? त्याची जागा ऑनलाइन अभ्यासक्रमाने घेतली, कारण तो रजा मागत नाही. दरम्यान आमचे नाव बदलून ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ झाले. नाव वाढले, शिकवणी आटली.

नियम कळवायला ऑनलाइन पद्धत उत्तम आहे, हे आम्ही मानतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीला एकाऐवजी चार नामनिर्देशित व्यक्ती लावता येतात. ठेवीची वाटणी टक्क्यांनी करता येते किंवा एकामागून एक असा क्रम लावता येतो, लॉकरला मात्र फक्त क्रमच चालतो. एवढे पडद्यावर दहा मिनिटांत कळते. पण काउंटरवर येणारा प्रश्न असा नसतो. ‘‘मोठा मुलगा विचारत नाही, धाकटा पुण्याला आहे, मुलगी रोज येते. मग मी काय लिहू?’’ असा तो येतो. नामनिर्देशन म्हणजे मृत्युपत्र नव्हे, हे त्या बाईला न दुखावता आणि मागच्या रांगेला ऐकू न जाऊ देता कसे सांगायचे? हे शेजारी बसूनच शिकता येते.

आता शिकवणाऱ्यांबद्दल. वर्षाकाठी दोन दिवस प्रशिक्षण केंद्रात बोलावणे येते. तिथे बाहेरून आणलेले कोणी गृहस्थ पडद्यावर चित्रे दाखवतात, फुगे फोडायला लावतात आणि हसून बोलावे असे सांगतात. त्यांनी शंभराच्या नोटांचे बंडल कधी मोजलेले नसते आणि पेन्शनच्या दिवसाची रांग पाहिलेली नसते. बँकेतलेच चांगले अधिकारी प्रशिक्षक म्हणून जातात तेव्हा ते मनापासून शिकवतात, हे आम्ही अनुभवले आहे. पण ती नेमणूक म्हणजे बढतीच्या वाटेवरून बाजूला पडणे, असे त्यांचेच सहकारी मानतात. ज्या संस्थेत शिकवणारा मागे राहतो, तिथे शिकवायला कोण पुढे येईल?

याहून गंभीर गोष्ट आपल्या मुलांची आहे. अलीकडे सार्वजनिक बँका ॲप्रेंटिस म्हणून पदवीधर घेतात. मुदत एक वर्षाची, विद्यावेतन दरमहा १२ ते १५ हजार, आणि वर्षानंतर नोकरीची हमी नाही, हे जाहिरातीतच छापलेले असते. स्थानिक भाषेची चाचणी असते. आपली मुले पिढ्यान् पिढ्या बडोद्याची, गुजराती त्यांना घरच्यासारखी, म्हणून ती आनंदाने अर्ज करतात. १९६१ चा ॲप्रेंटिस कायदा त्यांना कामगार मानत नाही, शिकाऊ मानतो. म्हणून कामगाराचे हक्क त्यांना नाहीत. ठीक आहे. पण मग शिकवा तरी! त्याच कायद्याने शिकवण्याची जबाबदारी नेमणाऱ्यावर टाकली आहे. प्रत्यक्षात मुलगा पासबुके छापतो, केवायसीचे कागद स्कॅन करतो, रांगेतल्यांना कोणती खिडकी ते सांगतो आणि वर्ष संपते. हक्कांच्या वेळी शिकाऊ आणि कामाच्या वेळी कारकून, असा हा दुहेरी हिशेब आहे. वाणिज्य शाखेत आम्ही जे शिकलो त्यात याला चांगले नाव नाही.

आपले गाव या बाबतीत असे नव्हते. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले आणि त्रिभुवनदास गज्जर यांनी तिथे तंत्रशिक्षण देशी भाषेतून देण्याचा आग्रह धरला. महाराजांना गावोगावी ग्रंथालये हवी होती, तेव्हा अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना आणले आणि १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला. देशातला असा पहिला वर्ग तो. माणूस नेमायचा तर त्याला आधी शिकवायचे, आणि खर्च राज्याने करायचा, ही इथली रीत होती.

पण रीत सांगताना अर्धीच सांगू नये. १९१३ मध्ये याच संस्थानाने शिष्यवृत्ती देऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवले. परतल्यावर संस्थानची दहा वर्षे नोकरी, असा करार होता. १९१७ मध्ये ते बडोद्याला रुजू झाले. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फायली टाकत. पाणी मिळेना, राहायला जागा मिळेना. थोड्याच दिवसांत त्यांना गाव सोडावे लागले. सयाजीबागेतली संकल्पभूमी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. त्या काळी संस्थानच्या कचेऱ्यांत कोण बसत होते? आपल्यापैकी कित्येकांचे पणजोबा. राज्याने शिक्षणावर पैसा ओतला, पण शेजारच्या टेबलाने हात आखडला आणि सगळे फुकट गेले.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम काढली. शेजारी बसून शिकण्याचे आम्ही गोडवे गातो, पण आम्हाला ते कसे मिळाले? आमचे ज्येष्ठ सहकारी आमच्या काकांच्या ओळखीचे होते. त्यांनी आम्हाला कॅशपासून क्लिअरिंगपर्यंत हाताला धरून शिकवले. त्याच दिवशी छोटा उदेपूरकडचा एक आदिवासी मुलगा रुजू झाला होता. त्याला आवक-जावकच्या टेबलावर बसवले आणि दोन वर्षे कोणी काही सांगितले नाही. पुढे तो कामात कच्चा आहे असे सगळे म्हणू लागले. आम्हीही म्हटले. तो कच्चा नव्हता. त्याचे काका कोणाच्या ओळखीचे नव्हते, एवढेच.

म्हणून जुने दिवस परत आणा, असे आमचे म्हणणे नाही. जे तेव्हा ओळखीने मिळत होते ते आता हक्काने आणि सर्वांना मिळावे, असे आहे. त्यासाठी मागण्या चारच.

१. प्रत्येक नव्या कर्मचाऱ्याला पहिले सहा महिने नेमून दिलेला शिकवणारा असावा आणि त्या शिकवणाऱ्याचे रोजचे काम तेवढे कमी करावे.

२. सक्तीचे अभ्यासक्रम कामाच्या वेळात घ्यावेत. त्या तासापुरता काउंटर बंद ठेवावा लागला तर तसा फलक लावावा. ग्राहक रागावतील, पण कारण सांगितले तर समजूनही घेतील.

३. प्रशिक्षक काउंटरवरून यावा, ठरावीक वर्षांनी काउंटरवर परतावा, आणि ती वर्षे बढतीत जमेस धरावीत.

४. ॲप्रेंटिसला वर्षभरात कोणकोणती टेबले शिकवली याची नोंद त्याच्या सहीने व्हावी आणि ती त्याला मिळावी.

या मागण्या युनियनपुढे आम्ही मांडल्या आहेत. पगारवाढीच्या बोलणीत त्यांना शेवटचे पान मिळते आणि शेवटच्या पानापर्यंत सहसा कोणी पोचत नाही. म्हणून समाजाकडे आलो. मते मागायला येणाऱ्यांना आपण रस्ते, पाणी, सभागृह विचारतो. आता हेही विचारा, की शिकाऊ म्हणून घेतलेल्या आमच्या मुलीला कोण शिकवते आणि कधी?

आपल्याही हातात काही आहे. निवृत्त बँकवाले आपल्यात भरपूर आहेत. संध्याकाळी बाकावर बसून हल्लीच्या मुलांना काही येत नाही, असे म्हणण्यापेक्षा त्यांनी आठवड्यातून दोन तास आपल्या संस्थेच्या हॉलमध्ये द्यावेत. बँकेच्या परीक्षांचे मार्गदर्शन पुष्कळ ठिकाणी होते. प्रत्यक्ष काम कसे करायचे, ते कुठेच शिकवत नाहीत. मात्र दारावर ‘फक्त समाजातील मुलांसाठी’ अशी पाटी लावायची असेल तर आम्ही त्यात नाही. छोटा उदेपूरचा मुलगाही त्या खुर्चीवर बसला पाहिजे. उद्या काउंटरवर तो असेल आणि समोर आपलीच आजी फोन हातात घेऊन उभी असेल.