खोटें भय, खरी काळजी

आश्विन-कार्तिकांत आपलीं घरें पणत्यांनीं उजळतात, त्याच सुमारास अमेरिकेंतील करमणुकीच्या उद्यानांत मुद्दाम काळोख केला जातो. ३१ ऑक्टोबर हा तिकडील हॅलोवीनचा दिवस. मुलांनीं सोंगें घेऊन दारोदार खाऊ मागावा, एवढ्यावर पूर्वीं भागत असे. आतां उद्यानांतील भुतांचा हंगाम सप्टेंबरांतच सुरू होतो. पदरचे पैसे मोजून भिऊन घेण्याची ही हौस कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. आम्हांस मात्र ती तितकी परकी वाटत नाहीं.

कॅलिफोर्नियांतील ‘नॉट्स बेरी फार्म’ हा मूळचा फळांचा मळा. मालक वॉल्टर नॉट यांनीं १९४० पासून तेथें जुन्या ओसाड गांवाचा देखावा उभारला, आणि १९७३ च्या हॅलोवीनला त्याच गांवांत तीन रात्री भुतें नाचविण्यांत आलीं. हा प्रयोग लोकांस इतका रुचला कीं, तो वार्षिकच होऊन बसला. फ्लॉरिडांतील युनिव्हर्सल स्टूडिओनें १९९१ सालीं तोच मार्ग धरला. तेथील सोंगें धुरांतून एकाएकीं पुढें येतात. परंतु तीं प्रेक्षकाच्या अंगास हात लावीत नाहींत, असा सामान्यतः दंडक असतो. सारी गंमत ह्या दंडकांत आहे. आजीच्या मांडीवर डोकें ठेवून पिंपळावरच्या मुंज्याची गोष्ट ऐकणारें मूल भितेंही आणि ‘पुढें काय झालें?’ म्हणून विचारतेंही. कारण मांडी पक्की असते.

ती कच्ची निघाली म्हणजे काय होतें, हें ११ मे १९८४ रोजीं न्यू जर्सींतील ‘सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अ‍ॅडव्हेंचर’ ह्या उद्यानांत दिसलें. हंगाम हॅलोवीनचा नव्हता, पण वाडा भुतांचाच होता. त्यास आग लागली व ऐन उमेदीच्या वयांतील आठ जण प्राणांस मुकले. आगीवर आपोआप पाणी शिंपडणारी योजना तेथें नव्हती. जेथें किंकाळी हाच विक्रीचा माल, तेथें खरी किंकाळी ओळखावी कशी? त्यानंतर तिकडील अग्निनियमांत अशा वाड्यांसाठीं स्वतंत्र कलमें आलीं: पाण्याची योजना हवी, आणि धोक्याची सूचना होतांच दिवे लागून भेसूर आवाज बंद पडले पाहिजेत.

दुसरी कसोटी अधिक नाजूक आहे. २०१६ सालीं ‘नॉट्स बेरी फार्म’नें एका नव्या खेळाच्या नांवांत ‘५१५०’ हा आंकडा घातला. कॅलिफोर्नियाच्या कायद्यांतील ह्या कलमान्वयें, स्वतःस किंवा इतरांस अपाय करण्याचा संभव असलेल्या मनोरुग्णास ७२ तासांपर्यंत अडकवून ठेवतां येतें. खेळांतील देखावाही रुग्णालयाचाच होता. मनोरुग्णांच्या हितासाठीं झटणाऱ्या संस्थांनीं हरकत घेतली. प्रथम नांवांतून आंकडा गेला, आणि लौकरच खेळही बंद झाला. हा अवाजवी हळवेपणा, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. मुंजा गोष्टींत राहतो. रुग्ण घरांत राहतो. त्यास आई असते, आणि तीही कदाचित् त्याच रांगेंत उभी असते.

अमेरिका दूर आहे. आपलें माजघर जवळ आहे. मूल जेवत नाहीं म्हणून ‘तो वेडा धरून नेईल हं!’ असें आपण किती सहज म्हणून जातों! बागुलबोवा खुशाल येऊं द्यावा. पण दिवा हाताशीं असावा, आणि वाटेनें जाणाऱ्या दुःखी माणसाचा बागुलबोवा करूं नये, एवढें पथ्य आपण पाळूं या.