कापलेला हात आणि बांधलेला हात

हैदराबादच्या काचीगुडा भागात २२ ऑगस्ट १९४८ च्या पहाटे ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची हत्या झाली. अंकाचे काम आटोपून मेहुण्यासोबत ते घरी निघाले होते. निजामाच्या पाठीराख्या रझाकारांनी आधी गोळ्या झाडल्या, मग लिहिता हात मनगटापासून तोडला. त्यांचा गुन्हा एकच: निजामाच्या राजधानीत बसून, निजामाच्याच दरबारी भाषेत, भारतात विलीन व्हा असे लिहिणे. त्यांची आधीची ‘तेज’ आणि ‘रय्यत’ ही पत्रे सरकारने बंद पाडली, तरी ते थांबले नव्हते. चार आठवड्यांच्या आत, १७ सप्टेंबरला, संस्थान शरण आले.

तेव्हा त्याच संस्थानात असलेला मराठवाडा दरवर्षी हा दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा करतो. वृत्तपत्रांच्या त्या दिवशीच्या पुरवण्या उघडून पाहा: पानभर पुढाऱ्यांचे हसरे चेहरे, शुभेच्छांच्या जाहिराती आणि कोपऱ्यात चिमूटभर इतिहास. त्या जाहिराती गोळा करतो तालुक्याचा वार्ताहर. अनेक ठिकाणी त्याला पगार नसतो, असते ते जाहिरातीवरचे कमिशन. ज्या ठेकेदाराच्या रस्त्याची बातमी करायची, त्याच्याच दारात तो पावतीपुस्तक घेऊन उभा राहतो. असा हात तोडावा लागत नाही; तो आधीच बांधलेला असतो.

शोएबुल्लांना हार घालणे सोपे आहे. वार्ताहराला पगार देऊन त्याच्या हातातले पावतीपुस्तक काढून घेणे, ही खरी आदरांजली.