मुका दुभाषा

आमच्या शाळेत मराठी माध्यमाचे वर्ग आता मोजकेच उरले आहेत. त्यांच्या चाचण्यांच्या प्रश्नपत्रिका आम्हीच कार्यालयातील संगणकावर टंकित करून छापतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल संपली आणि आमचा जुना संगणक नव्या आवृत्तीच्या अटींत बसेना. तेव्हा सौंसरच्या एका शिक्षकमित्राने त्यावर लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवून दिली. संगणक तरतरीत झाला. शेजारचे छपाईयंत्र मात्र मुके झाले. यंत्र धडधाकट, शाई भरलेली, आणि तरीही मुके! उत्पादकांकडे विचारणा केली असता, या प्रणालीसाठी ड्रायव्हर उपलब्ध नाही, असे एका ओळीचे उत्तर आले. त्या खेपेच्या प्रश्नपत्रिका आम्ही आणि मराठीच्या बाईंनी हाताने लिहून काढल्या.

ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि यंत्र यांमधला दुभाषा. घरी मराठी आणि कचेरीत हिंदी बोलणाऱ्या आम्हां मंडळींना दुभाष्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. यंत्र कोणत्या सांकेतिक भाषेत आज्ञा घेते, हे निर्मात्याने प्रसिद्ध केले, तर कोणीही जाणकार हा दुभाषा घडवू शकतो. ते त्याने लपविले, तर यंत्र आपल्या मालकीचे आणि त्याची जीभ मात्र दुसऱ्याच्या ताब्यात, अशी अवस्था होते.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीच्या मुळाशीही एक छपाईयंत्रच आहे, हे वाचून आम्हांस मौज वाटली. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एम.आय.टी.च्या प्रयोगशाळेस झेरॉक्स कंपनीने (होय, तीच, जिचे नाव आपण छायाप्रतीस देऊन टाकले आहे) एक लेसर छपाईयंत्र दिले. त्यात कागद वरचेवर अडके. आधीच्या यंत्राच्या आज्ञावलीत रिचर्ड स्टॉलमन यांनी अशी सोय केली होती की, कागद अडकताच ताटकळणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप उमटावा. नव्या यंत्राची मूळ आज्ञावली मात्र मिळेना. ती ज्यांच्यापाशी होती, त्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकाने गुप्ततेच्या कराराचे कारण सांगून नकार दिला. तो नकार स्टॉलमन विसरले नाहीत. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला.

पुढे २००७ मध्ये लिनक्सचे ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी उत्पादकांपुढे उघड प्रस्ताव ठेवला: यंत्राची माहिती तेवढी द्या, ड्रायव्हर आम्ही विनामूल्य लिहून देतो, हवा तर गुप्ततेचा करारही करतो, मात्र तयार झालेला ड्रायव्हर सर्वांस खुला राहील. त्याच वर्षी ए.एम.डी.ने आपल्या चित्र-चिपांची कागदपत्रे खुली करण्याचे जाहीर केले. एनव्हिडियाने मे २०२२ पर्यंत वाट पाहिली, आणि तेव्हाही काही भागच खुला केला. त्यापूर्वी, २०१२ मध्ये, लायनस टोरवाल्ड्स यांनी भर सभेत या कंपनीचा जो उद्धार केला, तो कौटुंबिक मासिकात छापण्याजोगा नाही.

उत्पादकांची बाजू अगदीच पोकळ नाही. यंत्रातील काही भाग त्यांनीही दुसऱ्याकडून परवान्यावर घेतलेले असतात. पेटंटच्या कज्ज्यांची धास्ती असते. पण कारखान्याचे रहस्य सांगणे वेगळे आणि यंत्राशी कसे बोलावे, हे सांगणे वेगळे. आमच्याकडे संत्र्याच्या बागेतील पंपाची मोटार जळाली, तर पांढुर्ण्याचा कारागीर ती उघडतो, तारेची जाडी मापतो, वेढे मोजतो आणि नवे वाइंडिंग करून देतो. त्यामुळे मोटारवाले बुडाले, असे आम्ही ऐकले नाही. उलट दुरुस्ती जवळच होते, म्हणून शेतकरी निर्धास्तपणे ती मोटार घेतो.

केरळातील सरकारी शाळांत संगणकशिक्षण मुक्त प्रणालीवर चालते. एवढ्या शाळांचे एकमुखी गिऱ्हाईक विक्रेत्यास डावलता येत नाही. एकट्यादुकट्या मुख्याध्यापकाचे कोण ऐकतो? तरीही नव्या छपाईयंत्रासाठी दरपत्रके मागविताना आम्ही एक ओळ घातली: यंत्र लिनक्सवर चालले पाहिजे. अलीकडची बरीच यंत्रे आय.पी.पी. या खुल्या मानकानुसार वेगळ्या ड्रायव्हरवाचूनही चालतात, हे आम्हांस तेव्हाच कळले. तीन दुकानदारांपैकी दोघांनी ती ओळ वाचलीच नसावी. तिसऱ्याचा दूरध्वनी आला, "सर, हे लिनक्स कोणत्या कंपनीचं?" आम्ही त्यास यंत्र घेऊनच शाळेत बोलावले. सहावीची मराठीची प्रश्नपत्रिका आमच्यादेखत छापून निघाली, तेव्हा खरेदीच्या कागदावर सही केली.