तारेचा कीं बिनतारी?

जव्हार तालुक्यांतील दाभोसा हें गांव तेथील धबधब्यामुळें सर्वश्रुत आहे. लेंढी नदी येथें सुमारें ३०० फूट खालीं उडी घेते, आणि पावसाळ्यांत मुंबई, ठाणें व नाशिककडील मंडळी ती शोभा पाहण्यास लोटतात. हल्लीं त्यांतील कांहीं तरुण नुसतें पाहून समाधान मानीत नाहींत. सुगीच्या दिवसांत ते त्या भागांतील पाड्यांवर पुन्हां जातात व वारली वादकांच्या तारप्याचे सूर ध्वनिमुद्रित करून आणतात. अशा कामास निघालेल्या मुलानें 'स्टुडिओंत वापरतात तसा तारेचा हेडफोन घेऊं, कीं हजार-दीड हजारांत मिळणारे बिनतारी इअरबड घेऊं?' असें विचारलें, तर घरच्या वडील माणसांनीं काय सांगावें?

आमच्या मतें येथें पहिला प्रश्न किंमतीचा नसून कामाचा आहे. ऐकणें निराळें आणि पारखणें निराळें. वाळलेल्या भोपळ्यांत बांबूच्या दोन नळ्या बसवून पुढें ताडाच्या पानांचा कर्णा जोडला म्हणजे तारपा सिद्ध होतो. वादक श्वास न तोडतां फुंकीत राहतो, व सूर अखंड वाहतो. तो टिपतांना मायक्रोफोनवर वारा आदळून घरघर उठते काय, दूरचा धबधबा सुरावर चढतो काय, हें उघड्या कानास कळत नाहीं. यंत्राच्या कानानेंच तें ऐकावें लागतें.

तारेच्या हेडफोनांत ध्वनीचा विद्युत्संदेश थेट कानाशीं येतो. विलंब असा जाणवतच नाहीं. ब्लूटूथमध्यें मात्र ध्वनि दाबून लहान केला जातो, तुकड्यातुकड्यांनीं धाडला जातो व पलीकडे पुन्हां जुळविला जातो. सर्वसाधारण इअरबडांत या खटाटोपास सेकंदाचा दहावा ते चौथा हिस्सा लागतो. चित्रपट पाहतांना फोन चित्रही तितकेंच मागें धरतो, म्हणून तो विलंब खटकत नाहीं. परंतु घरांतील कन्या तबल्याच्या ठेक्यावर गात आपलाच आवाज मायक्रोफोनांतून परत ऐकूं लागली, कीं तिची सम हातची निसटते. शिवाय ध्वनिमुद्रणाच्या पुष्कळ लहान यंत्रांस केवळ तारेचीच खोबण असते.

इअरबडांचा पक्षही दुबळा नाहीं. चालतांना तार अडकत नाहीं, प्रवासांत बोलणें सोयीचें होतें, व ज्यांवर 'आयपीएक्स ४' असा शिक्का असतो ते पावसाचे शिंतोडे सोसतात. मोठ्या हेडफोनास ओल सोसत नाहीं; आणि हल्लींच्या अनेक फोनांस तारेची खोबणच नसल्यामुळें एक लहानसा जोड वेगळा घ्यावा लागतो. मात्र इअरबडाच्या पोटांतील चिमुकली बॅटरी दोन-तीन वर्षांत क्षीण होते, व स्वस्त मालांत ती बदलतां येत नाहीं. उलट चांगल्या हेडफोनाच्या गाद्या बदलतां येतात. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ सालचा नमुना अद्यापि विकला जातो, यावरून काय तें समजावें.

एकत्र कुटुंबास आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. इअरबड कानाच्या आंत जातो. तो ज्याचा त्यानेंच वापरावा. कानावर बसणारा हेडफोन पुसून घेतला, तर भाऊ, वहिनी व आजोबा यांस आळीपाळीनें उपयोगीं पडतो. म्हणून ज्या घरांत गाणें, शिकवणें किंवा ध्वनिमुद्रण चालतें, त्यानें कित्येक पट पैसे पडले तरी तारेचा एक चांगला हेडफोन घरास म्हणून घ्यावा. ज्यास केवळ गाडींत भजन ऐकावयाचें व फोनवर बोलावयाचें आहे, त्यास इअरबड पुरे.

दोहोंपैकीं कांहींही घेतलें, तरी आवाज बेतानेंच ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेप्रमाणें प्रौढांनीं ८० डेसिबलचा आवाज आठवड्यांत ४० तास ऐकण्यास हरकत नाहीं. ९० डेसिबल झाला कीं ती मुदत चार तासांवर येते. धबधब्याच्या गर्जनेवर मात करण्यासाठीं तरुण मंडळी आवाज चढवितात, हें फार घातक आहे. अंतःकर्णांतील नाजूक केसपेशी एकदां मेल्या कीं माणसांत त्या पुन्हां उगवत नाहींत. तेथें ना तार उपयोगी, ना बिनतार.

आणि दाभोशाकडे जाणाऱ्या तरुणास आमचें एवढेंच सांगणें आहे: वादकाची परवानगी घेऊनच मुद्रण करावें, व तें संपल्यावर हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवून 'सूर बरोबर आला ना, बाबा?' असें विचारावें. तारप्याची खरी पारख त्यांस आहे. ते मान हलवितील तेव्हांच यंत्र पेटींत ठेवावें; न हलवितील तर पुन्हां एकवार वाजविण्याची विनंती करावी.